आधी वैरण तोला, मग डबे उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. घोडी 14 वर्षांची. आयाळीखाली चरबीचा कडक वळ, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाठी. वर्षभरात दोनदा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पदरांचा दाह, होऊन गेला. रक्तात साखर नॉर्मल, एसीटीएच (कुशिंग्ज या आजारासाठी पाहतात ते संप्रेरक) नॉर्मल, इन्सुलिन मात्र बरंच वर. दोन वेळा ओट्सची चंदी, त्यात गव्हाचा कोंडा. दिवसा चराई, रात्री अंदाजाने टाकलेलं वाळलं गवत. शिवाय तीन डबे: एक मॅग्नेशियम-क्रोमियमचा, एक दालचिनी घातलेल्या चूर्णाचा आणि एक लोहाच्या टॉनिकचा, कारण घोडी मरगळल्यासारखी वाटते. यातलं काय चालू ठेवू आणि याहून चांगलं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय.

लोहाचं टॉनिक आजपासून बंद करा. उरलेले दोन डबे ठेवले काय आणि टाकून दिले काय, तिच्या इन्सुलिनला पत्ताही लागणार नाही. चंदीही आजच बंद. खाणं एकदम बदलू नये असं आपण सगळे सांगतो आणि ते खरंच आहे. वैरण बदलायची तर आठ-दहा दिवस घ्यावेत. पण दाणा वाढवताना जी सावधगिरी लागते ती काढून घेताना लागत नाही. वैरण पोटभर असेल तर चंदी एका दिवसात थांबवली तरी काही बिघडत नाही.

एवढी घाई का, ते सांगतो. ‘साखर नॉर्मल आहे, म्हणजे मधुमेह नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची धास्तीच वाटते. माणसाच्या मधुमेहाचं चित्र डोक्यात ठेवून घोड्याकडे पाहिलं की फसगत होते. घोड्याचं स्वादुपिंड सहसा थकत नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते आणखी इन्सुलिन ओतत राहतं आणि साखर आटोक्यात ठेवतं. म्हणून साखरेचा आकडा साळसूद दिसतो. घाव घालतं ते इन्सुलिन. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पोनींना शिरेतून सतत इन्सुलिन दिलं आणि सोबत ग्लुकोज देऊन रक्तातली साखर नॉर्मल ठेवली. तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. 2010 मध्ये मोठ्या घोड्यांवर तसाच प्रयोग झाला, तिथे दोन दिवस पुरले. खुराच्या आतलं हाड ज्या नाजूक पदरांनी खुराच्या भिंतीला टांगलेलं असतं, ते पदर इन्सुलिनच्या माऱ्याखाली ताणले जातात आणि सुटू लागतात. तेव्हा तुमच्या घोडीच्या प्रत्येक खाण्याला एकच प्रश्न विचारायचा: हे पोटात गेल्यावर इन्सुलिन किती उसळेल?

या प्रश्नावर चंदी पहिल्याच फटक्यात नापास होते. ओट्समध्ये 40 टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो, म्हणजे एक किलो चंदीतून 400 ग्रॅम. बार्ली आणि मका त्याहून जड. कोंड्याला लोक हलका समजतात, पण त्यातही स्टार्च बऱ्यापैकी असतो आणि फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. आजारी घोड्याला गरम कोंड्याची पेज देणं यात माया असेल, पथ्य नाही. इथे खरी अडचण घोडीची नसतेच. खुंटीला रिकामा तोबरा लटकलेला दिसला की मोतद्दाराचा जीव कासावीस होतो आणि मूठभर दाणा गुपचूप तिच्या तोंडाशी जातो. त्याला दोष देऊ नका, समजावून सांगा. तोबरा भरायचाच असेल तर मळी न घातलेला बीट पल्प, म्हणजे साखर काढून उरलेला बीटचा चोथा, भिजवून दोन मुठी घाला. तो चघळायला चांगला, इन्सुलिनला सौम्य, आणि पुढे क्षारांची पूड कालवायलाही तोच कामाला येईल.

आता मुख्य औषध, म्हणजे वैरण. आधी घोडीचं वजन काढू. काटा नसेल तर मोजपट्टी पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, की किलो आले. तुम्ही घेर 180 आणि लांबी 165 लिहिली आहे, त्यावरून वजन 450 किलो. नेमका आकडा दहा-पंधरा किलोंनी इकडेतिकडे झाला तरी चालेल. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच माणसाने पट्टी लावली की उतरणीचा कल कळतो.

वजन उतरवायचं तर रोज शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा पदार्थ द्यायचा. 450 किलोच्या घोडीला 6.75 किलो. वाळल्या गवतात साधारण 10 टक्के ओल असते, म्हणजे काट्यावर 7.5 किलो गवत. ताणकाटा घ्या आणि एक आठवडा प्रत्येक भारा तोलून टाका. हाताच्या अंदाजाने ‘थोडंसंच’ टाकलेलं गवत अकरा-बारा किलो भरलेलं मी कितीदा पाहिलंय. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतार पडला की पुरे, तुमच्या घोडीच्या बाबतीत सव्वादोन ते साडेचार किलो. महिना-दीड महिना काहीच हललं नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सव्वा टक्क्यापर्यंत खाली जाता येतं. त्याखाली स्वतःच्या मनाने जाऊ नका.

हे कळकळीने सांगतोय कारण माझ्या हातून एकदा चूक झाली आहे. या कामात नवा असताना एका लठ्ठ पोनीला लॅमिनायटिस झाला आणि मी मालकाला सांगितलं, ‘वैरण निम्मी करा, वजन झरझर उतरेल.’ पाचव्या दिवशी पोनीने खाणंच सोडलं. रक्त काढलं तर नळीत वरचा पाण्यासारखा थर दुधासारखा पांढरा दिसला. उपाशी शरीराने चरबी इतक्या वेगाने रक्तात सोडली होती की यकृताला ती झेपेना. पोनी वाचली, पण ते दहा दिवस मी विसरलेलो नाही. पोनी, बुटके घोडे, गाढवं आणि गाभण घोड्या यांना हा धोका सर्वांत जास्त. इन्सुलिन वाढलेल्या जनावराला उपास हा उपचार नव्हे. शिवाय घोड्याच्या जठरात आम्ल दिवसभर झरत असतं. पोट तासन्‌तास रिकामं राहिलं की अल्सर होतात, लाकूड कुरतडणं सुरू होतं. म्हणून तेच साडेसात किलो बारीक भोकांच्या जाळीत, दिवसाच्या चार वाट्यांत विभागून द्या. रात्रीचा वाटा सर्वांत मोठा ठेवा. जाळी एका तासात संपत असेल तर एकावर एक दोन जाळ्या चढवा.

किती द्यायचं ते झालं, पण कसलं गवत द्यायचं हे त्याहून महत्त्वाचं. साखर आणि स्टार्च मिळून कोरड्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत असलेली वैरण अशा घोडीला हवी. फार तर 12. गवत बघून, हुंगून, चोळून हे कळत नाही. पिवळं पडलेलं, काड्या निघालेलं गवत गोड निघतं आणि हिरवंगार, मऊ गवत कधी कधी निभावून जातं. अंदाजाचा फरक किती महागात पडतो ते पाहा: 10 टक्क्यांच्या गवतातून तुमच्या घोडीला रोज 675 ग्रॅम साखर-स्टार्च मिळेल, 18 टक्क्यांच्या गवतातून 1,215 ग्रॅम. वजन तेच, भारा तोच, पण अर्ध्या किलोहून जास्त फरक. एवढा फरक कुठलंही चूर्ण भरून काढू शकत नाही.

म्हणून गवत प्रयोगशाळेत तपासा. नमुना एका भाऱ्याच्या वरची मूठ उचलून घ्यायचा नाही. एकाच शेतातल्या, एकाच कापणीच्या पंधरा-वीस भाऱ्यांच्या पोटात पोकळ नळी घालून थोडं थोडं काढायचं आणि सगळं एकत्र मिसळून पाठवायचं. अहवालात तीन रकाने दिसतील: पाण्यात विरघळणारी कर्बोदकं, अल्कोहोलमध्ये विरघळणारी कर्बोदकं आणि स्टार्च. पहिला आणि तिसरा यांची बेरीज करा. दुसरा रकाना पहिल्याच्या पोटातलाच असतो. तिन्ही मिळवून घाबरून गेलेले लोक मला फोन करतात. त्याच अहवालात तांबं, जस्त, लोह, कॅल्शियम आणि फॉस्फरसही मागवून घ्या. ते आकडे पुढे लागणार आहेत.

तपासणी होईपर्यंत, किंवा आकडा 12 च्या वर आला आणि दुसरं गवत मिळण्यासारखं नसलं, तर भिजवून द्या. साध्या पाण्यात तासभर, कोमट पाण्यात अर्धा तास, पाणी भरपूर, गवत पूर्ण बुडालेलं. नंतर ते पाणी फेकून द्यायचं, घोडीला पिऊ द्यायचं नाही. भिजवल्याने साखर कमी होते, पण किती, ते गवतागणिक बदलतं. एखाद्या गवतातली निम्मी निघून जाते, एखाद्यातली जेमतेम. त्यामुळे 20 टक्क्यांचं गवत भिजवलं म्हणून निर्धास्त होऊ नका. उन्हाळ्यात रात्रभर भिजत ठेवलं तर आंबतं, जंतू वाढतात. पाण्याबरोबर पोटॅशियम, फॉस्फरस आणि इतर क्षारही जातात, थोडा कोरडा पदार्थही जातो. म्हणून तोलताना भिजवण्याआधी तोलायचं आणि साडेसातच्या जागी साडेआठ किलो घ्यायचं. वाफवलेल्या गवताची चलती आहे. धूळ आणि बुरशीसाठी ते उत्तम, पण साखर काढायला त्यावर विसंबू नका.

जोडीला स्वच्छ पेंढा मिसळता येतो. साखर कमी, चघळणं जास्त. पण एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमीच ठेवा, हळूहळू वाढवा, दात तपासलेले असू द्या आणि पाणी तोडू नका, नाहीतर पोटशूळ ओढवून घ्याल.

चराईचं काय? सध्या बंद. दोनदा लॅमिनायटिस झालेली, इन्सुलिन अजून वर असलेली घोडी गवतावर सोडू नये. ‘दोनच तास सोडतो’ या दिलाशात अर्थ नाही. पोनींना रोज ठरावीक तीन तास चरायला सोडलं तेव्हा काही आठवड्यांत त्या तेवढ्या वेळात दिवसभराच्या खाण्याचा मोठा वाटा उरकायला शिकल्या; वेळ कमी आहे हे त्यांना बरोबर कळतं. पुढे इन्सुलिन खाली आलं तर तोंडाला चराईचं मुसकं बांधून, पहाटे, थोडा वेळ सोडून पाहता येईल. गवत दिवसभर उन्हात साखर बनवतं आणि रात्री ती वाढीसाठी वापरतं, म्हणून साखर पहाटे सर्वांत कमी आणि दुपार उतरताना सर्वांत जास्त. याला एक अपवाद आहे. रात्री पारा 5 अंशांच्या खाली गेला की गवताची वाढ थांबते, साखर वापरली जात नाही आणि पहाटेचं गवतही गोड राहतं. गारठ्यानंतर लख्ख ऊन पडलेला दिवस आपल्याला सुखाचा, अशा घोडीला घातक. खुरटलेलं, तुडवलेलं, बुडख्यापर्यंत चरलेलं गवत ‘तिथे खायला काही नाहीच’ म्हणून सुरक्षित मानू नका. साखर बुडख्यातच साठते.

आता डब्यांकडे वळू. पुरवण्यांचं काम एकच: वैरणीत जे कमी आहे ते भरून काढणं. काय कमी आहे हे अहवाल सांगतो, डब्यावरची जाहिरात नव्हे. 500 किलोच्या, काम नसलेल्या घोड्याला रोज साधारण 100 मिलिग्रॅम तांबं, 400 मिलिग्रॅम जस्त आणि 400 मिलिग्रॅम लोह लागतं. लोह वैरणीत जवळजवळ नेहमीच भरपूर असतं. किलोमागे 150 मिलिग्रॅम लोह असलेलं गवत धरलं तरी तुमच्या घोडीच्या पोटात रोज 1,000 मिलिग्रॅम जातं. गरजेच्या दुपटीहून जास्त, टॉनिक न देताच. जादा लोह बाहेर टाकायची सोय घोड्याच्या शरीरात नाही, ते यकृतात साठत जातं. शिवाय तांबं आणि जस्ताच्या शोषणात ते आडवं येऊ शकतं. घोड्याला लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग होणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे, आणि झालाच तर बहुधा कुठेतरी रक्तस्राव चालू असतो. मरगळ लोहाअभावी नाही. खूर दुखणारं जनावर मरगळलेलंच दिसतं.

तांबं आणि जस्त मात्र गवतात बहुतेकदा कमी असतात, आणि खुराच्या शिंगासाठी दोन्ही हवीत. लोह न घातलेलं क्षारमिश्रण शोधा. ई जीवनसत्त्व नक्की द्या: ताज्या गवतात ते भरपूर असतं, वाळवताना आणि साठवताना उडून जातं. चराई बंद केल्यावर त्याची वाट आपणच बंद केलेली असते. शरीराच्या वजनाच्या किलोमागे 1 ते 2 युनिट या हिशेबाने तुमच्या घोडीला 450 ते 900 युनिट लागतील, नैसर्गिक रूपातलं असेल तर उत्तम, थोड्या तेलातून. रोज 25 ग्रॅम साधं मीठ. भिजवलेल्या गवतावर असेल तर प्रथिनांचाही हिशेब करा. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे 630 ग्रॅम प्रथिनं लागतात. कमी पडत असतील तर दाणा नसलेला, साखर कमी असलेला बॅलन्सर, म्हणजे प्रथिनं-क्षार-जीवनसत्त्वं एकवटलेलं थोडक्या मापाचं खाद्य, द्या. वजन उतरताना पाठीचे स्नायू उतरू नयेत म्हणून हा खटाटोप. खुरासाठी बायोटिन द्यायचं तर रोज 15 ते 20 मिलिग्रॅम, आणि निदान नऊ महिने; खूर वरून खाली वाढायला तेवढा वेळ घेतोच. सेलेनियम दोन डब्यांतून दोनदा जात नाही ना, हे लेबलं शेजारी ठेवून पाहा. गरज फक्त 1 मिलिग्रॅमच्या आसपास आहे आणि जादा झालं तर खूरच झडतात.

मॅग्नेशियमची गरज 500 किलोला 7.5 ग्रॅम. साध्या गवतात 0.2 टक्के जरी असलं तरी तुमच्या घोडीला 13 ग्रॅमच्या वर मिळतंय. क्रोमियम आणि मॅग्नेशियम मिळून दिल्याने काही होतं का, हे लॅमिनायटिस होऊन गेलेल्या लठ्ठ घोड्यांवर 16 आठवडे पाहिलं गेलं, 2011 मध्ये ते छापून आलं. इन्सुलिनमध्ये फरक पडला नाही. दालचिनीच्या बाजूने विसंबावं असा पुरावा घोड्यांत नाही. आणि डब्यावर ‘मेटाबॉलिक’ लिहिलेलं असूनही आत मळीत घोळलेल्या गोळ्या निघतात, तेही एकदा चाटून पाहा. खरंच चाटा, मी चाटतो.

औषधं डॉक्टरांच्या हातची, म्हणून त्यांच्याबद्दल थोडकंच. मेटफॉर्मिन घोड्याच्या आतड्यातून फार कमी शोषलं जातं. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, वजन उतरवायला मदत करतं, पण वैरण मोजूनच. माणसांच्या मधुमेहासाठी आलेली एर्टुग्लिफ्लोझिनसारखी औषधं आता इन्सुलिन खाली आणायला वापरली जातात आणि ती जोरदार आहेत. पण त्यांवर असताना रक्तातल्या चरबीची तपासणी चुकवायची नाही आणि घोडीला उपाशी तर अजिबात ठेवायचं नाही. वर सांगितलेली दुधी रक्ताची गोष्ट इथे पुन्हा आठवा.

एसीटीएच नॉर्मल आल्याचं तुम्ही लिहिलंय, पण घोडी 14 ची आहे. कुशिंग्ज, म्हणजे मेंदूजवळच्या पिट्युटरी ग्रंथीचा आजार, बहुतेकदा पंधरीनंतर डोकं वर काढतो. अंगावरचे केस वेळेवर झडेनासे झाले, पाठ खोल गेली, पाणी जास्त पिऊ लागली तर पुन्हा तपासा. शरद ऋतूत निरोगी घोड्यातही एसीटीएच वाढतं, तेव्हा आकडा ऋतूप्रमाणे वाचावा लागतो. पुढे कुशिंग्जचं औषध, पेर्गोलाइड, सुरू झालंच तर सुरुवातीला भूक मंदावते. तेव्हा ‘काहीतरी गोड देऊन बघू’ असं मनात आणू नका, डोस कमी करून हळू वाढवायला डॉक्टरांना सांगा.

ज्यांचा घोडा हाडकुळा आहे आणि तरीही इन्सुलिन वर आहे, त्यांनी वरचं वजन उतरवायचं गणित सोडून द्यावं. साखरेची मर्यादा तीच, पण वैरण पोटभर, आणि ऊर्जा तेलातून व बीट पल्पमधून, तेल चमचा-चमचा वाढवत. पीएसएसएमच्या, म्हणजे स्नायूंत साखर वाजवीपेक्षा जास्त साठण्याच्या आजाराच्या, घोड्यालाही साखर-स्टार्च कमी आणि चरबी जास्त लागते, मात्र त्याला रोजचा व्यायाम चुकवून चालत नाही. तुमच्या घोडीला सध्या व्यायाम नको. खूर गरम आहेत, वळताना ती पाय आखडते, तोवर मऊ अंथरुणावर उभं राहू द्या, नालबंदाला एक्स-रे दाखवून मगच खूर कापायला सांगा. नालबंद आणि डॉक्टर एकाच वेळी तबेल्यात आले तर फार बरं.

सहा आठवड्यांनी पुन्हा इन्सुलिन तपासा. त्या सकाळी दाणा किंवा बीट पल्प काही नको, रोजची वैरण चालेल. ती भिजवलेली होती की कोरडी, किती वाजता खाल्ली, हे लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी तसंच करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना करता येणार नाही. उपाशी ठेवून रक्त घेतलं तर आकडा खोटा चांगला येतो. साधा आकडा नॉर्मल आला आणि आयाळीखालचा वळ तसाच कडक राहिला, तर डॉक्टरांना साखरेचं द्रावण पाजून तासा-दीड तासाने घ्यायची चाचणी मागा. तोवर गवताचा अहवाल आला की त्यातले आकडे इथेच टाका, तांबं-जस्ताचा हिशेब मी करून देतो.